ऑनलाइन नाणे-लिलाव: नव्याने उतरणाऱ्यांसाठी घेण्या-देण्याची रीत

ऑनलाइन लिलावात घेणाऱ्याला नाणं हातात धरून बघता येत नाही आणि विकणाऱ्याला समोरचा माणूस दिसत नाही. एकाकडे चार फोटो आणि दहा ओळींचं वर्णन असतं, दुसऱ्याकडे एक टोपणनाव आणि एक आकडा. एवढ्या भांडवलावर अनोळखी माणसं एकमेकांना पैसे आणि चांदी-सोनं पाठवतात. म्हणून नाण्याची पारख शिकताना इथे वागायचं कसं हेही शिकून घ्यायला हवं, आणि तेही पहिली बोली लावण्याआधी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लिलावातल्या तक्रारींपैकी सरळसरळ फसवणुकीच्या थोड्या. बाकीच्या बहुतेक एकाच कारणाने होतात: बोली लागण्यापूर्वी जे विचारायचं होतं ते घेणाऱ्याने विचारलं नाही, किंवा जे सांगायचं होतं ते विकणाऱ्याने सांगितलं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत भर याच गोष्टीवर आहे.

खातं उघडल्यावर लगेच बोली लावू नका

आधी त्या लिलावाचे नियम शेवटपर्यंत वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे वाद इथेच मिटतात. चार गोष्टी शोधून काढा: लिलाव संपल्यावर किती दिवसांत पैसे भरायचे, नाणं परत करता येतं का आणि किती दिवसांत, पार्सलचा खर्च कुणाचा, आणि बोलीच्या रकमेवर वेगळा प्रीमियम लागतो का. मोठ्या लिलावसंस्था घेणाऱ्याकडून असा प्रीमियम घेतात. तो २० टक्के असेल, तर १०० वर संपलेला लिलाव तुम्हाला १२० ला पडतो, आणि त्यावर पार्सल, विमा, नाणं परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क. हे सगळं मोजून मग आपली मर्यादा ठरवायची. जिंकल्यानंतर ‘मला प्रीमियमचं माहीत नव्हतं’ म्हणणाऱ्याचं कुणी ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये.

खात्यावर खरा पत्ता आणि चालू फोन नंबर द्या. पैसे भरण्याची जी पद्धत तिथे चालते ती आपल्याकडे आहे ना, विक्रेता आपल्या देशात पार्सल पाठवतो ना, हे आधी तपासा. जुन्या नाण्यांच्या बाबतीत आणखी एक चौकशी लागते. पुरातन वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७० चा करार आहे आणि अनेक देशांत प्राचीन नाणी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. आपल्या देशाचा आणि विक्रेत्याच्या देशाचा नियम माहीत नसेल तर प्राचीन नाण्यावर हात घालू नका.

मग काही लिलाव नुसते बघा. ज्या प्रकारची नाणी घ्यायची आहेत ती शेवटी कितीला जातात याची नोंद ठेवा. लोक किती मागतात यावर जाऊ नका. मागणारा काहीही मागतो. भाव ठरतो तो नाणं प्रत्यक्ष ज्या आकड्याला विकलं गेलं त्यावर.

वर्णन आणि फोटो: बोलीच्या आधीचं खरं काम

घाई करणारे नवशिके फोटो बघतात आणि आकडा टाकतात. त्याऐवजी वर्णन दोनदा वाचा. पहिल्यांदा त्यात काय लिहिलं आहे ते बघा, दुसऱ्यांदा काय लिहिलेलं नाही ते.

चांगल्या वर्णनात देश, मूल्य, साल, टाकसाळीची खूण, धातू, ग्रॅममध्ये वजन, मिलिमीटरमध्ये व्यास आणि शक्य असेल तर एखाद्या मान्य सूचीतला क्रमांक असतो. वजन आणि व्यास यांना मी सगळ्यात वर ठेवतो, कारण त्यांची पडताळणी घरबसल्या होते. ब्रिटिश सॉव्हरिनचं प्रमाण वजन ७.९८८ ग्रॅम आणि व्यास २२.०५ मिलिमीटर आहे. विक्रेता ७.४ ग्रॅम लिहीत असेल, तर एकतर त्याचा काटा बिघडला आहे किंवा नाण्यात काहीतरी पाणी मुरतंय. दोन्ही परिस्थितींत आधी प्रश्न, मग बोली.

नुसत्या सालावरही विसंबू नये. मारिया थेरेसा थेलर हे याचं उत्तम उदाहरण. ऑस्ट्रियाची ही सम्राज्ञी १७८० साली वारली आणि त्यानंतर तिच्या नावाचं हे चांदीचं नाणं १७८० हेच साल ठेवून पाडलं जात राहिलं. व्यापाऱ्यांचा त्यावर इतका विश्वास होता की व्हिएन्नाबरोबरच लंडन, पॅरिस, रोम, मुंबई अशा कितीतरी टाकसाळींनी ते पाडलं. वजन २८.०६ ग्रॅमच्या आसपास, चांदी हजारात ८३३ भाग. हे नाणं ‘१७८० चं, अस्सल’ म्हणून यादीत आलं तर त्यातलं ‘अस्सल’ खरं असू शकतं आणि ‘१७८० चं’ मात्र नसू शकतं. जाणकार विक्रेता ‘नंतरची टंकणी’, म्हणजे नंतर पाडलेलं, असं स्वतःहून लिहितो. ते लिहिलेलं नसेल तर कोणत्या टाकसाळीचं आणि कोणत्या काळातलं, हे विचारणं तुमचं काम.

आता प्रतीबद्दल, म्हणजे नाणं किती चांगल्या स्थितीत आहे त्याबद्दल. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. पुढे तीच इतर नाण्यांना लागू झाली. पीसीजीएस या अमेरिकन ग्रेडिंग कंपनीने १९८६ मध्ये आणि तशाच एनजीसी या कंपनीने १९८७ मध्ये नाणी तपासून, अंक देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून द्यायला सुरुवात केली. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. ६० पासून वरचे अंक चलनात न फिरलेल्या नाण्यांचे. स्लॅब असेल तर त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा आणि तिथे फोटो असेल तर नाण्यावरचे बारीक डाग, ओरखडे जुळतात का ते पाहा. स्लॅबही नकली निघतात, आणि खऱ्या नाण्याचा क्रमांक खोट्या डबीवर छापलेला असतो. म्हणून नुसता क्रमांक सापडला एवढ्यावर थांबायचं नाही. स्लॅबमध्ये नसलेल्या नाण्यावर विक्रेत्याने ठोकून ‘६७’ लिहिलं असेल तर ते त्याचं मत आहे, एवढंच समजा. तो अंक बाजूला ठेवून फोटोवरून स्वतः ठरवा.

फोटोत बघण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. चेहऱ्यातले सगळ्यात उंच भाग, म्हणजे गाल, केस, कान: झीज आधी तिथे दिसते. मोकळी सपाट जागा: एकाच दिशेने जाणारे केसासारखे बारीक ओरखडे दिसले तर नाणं कधीतरी पुसलं किंवा घासलं गेलं आहे. अक्षरांच्या कडा: ओतीव नकलेत त्या मऊ, सुजल्यासारख्या दिसतात आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात. आणि कड. कडेचा फोटो फार थोडे विक्रेते देतात, पण ओतीव नकलेचा सांधा बहुधा तिथेच दिसतो. फोटो दुसरीकडून उचललेला वाटत असेल, किंवा ‘नमुन्यादाखल’ असं लिहिलं असेल, तर तुम्हाला मिळणारं नाणं तुम्ही पाहिलेलंच नाही. तिथे बोली लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

‘मला नाण्यांतलं कळत नाही, जुन्या संग्रहातलं आहे, परत घेणार नाही’ अशी तीन वाक्यं एकत्र आली की सावध व्हा. त्यातलं प्रत्येक वाक्य वेगळं खरं असू शकतं. तिन्ही मिळून सगळी जोखीम तुमच्या गळ्यात पडते.

प्रश्न कसा विचारायचा

लिलाव संपायला निदान एक दिवस बाकी असताना विचारा. शेवटच्या तासाला आलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर त्यात विक्रेत्याचा दोष नाही. प्रश्न नेमका आणि एका दमात विचारा. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. या थेलरचं वजन दोन दशांशांपर्यंत सांगाल का? कडेचा एक फोटो मिळेल का? उजव्या गालाजवळ जी रेघ दिसते ती नाण्यावर आहे की ते ज्यात ठेवलं आहे त्या होल्डरवर? पूर्वी कुणी स्वच्छ केल्याचं माहीत असेल तर तेही कळवा. आभारी आहे.’ असा निरोप वाचला की समोरच्याला कळतं, माणूस गांभीर्याने घेणारा आहे.

काही गोष्टी मात्र विचारू नयेत. ‘शेवटचा भाव काय?’ हा प्रश्न लिलावात बसत नाही, कारण शेवटचा भाव लिलावच ठरवणार आहे. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विक्रेता नाणं देणार नाही ती रक्कम, किती, हेही नाही. लिलाव थांबवून मलाच द्या, बाहेर व्यवहार करू, असं तर मुळीच नाही. त्यात ज्यांनी आधीच बोली लावली त्यांचा हक्क जातो, आणि तुमचे पैसे बुडाले तर लिलाव चालवणारे हात वर करतात.

नाणं नकली वाटलं तर काय करायचं? खाली जाहीरपणे ‘हे खोटं आहे’ असं ठोकू नका. फोटोवरून केलेली पारख चुकू शकते आणि तेवढ्यात एका प्रामाणिक माणसाचं नाव खराब होतं. आधी विक्रेत्याला खासगीत लिहा, कारणासकट: वजन जुळत नाही, अमुक अक्षराचा आकार खऱ्या नाण्यात असा नसतो. चांगला विक्रेता आभार मानून नाणं मागे घेतो. त्याने दुर्लक्ष केलं तर लिलाव चालवणाऱ्यांकडे तक्रार नोंदवा. नकली नाणं नकली म्हणून विकणं हा वेगळा विषय. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार अशा प्रतिकृतीवर ‘कॉपी’ असा शब्द कोरलेला असावा लागतो. तो शब्द घासून काढलेला दिसला तर तक्रार करायला दोनदा विचार करू नका.

बोली लावताना

लिलाव चालू होण्याआधी एक आकडा कागदावर लिहा: प्रीमियम आणि पार्सल धरून या नाण्याला मी जास्तीत जास्त इतके देईन. बहुतेक ठिकाणी ही कमाल बोली गुप्त राहते आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच चढत जाते. तुमची कमाल ५०० असली आणि दुसऱ्याची ३२० असली, तर तुम्हाला नाणं ३२० च्या फक्त एक पायरी वर मिळतं. म्हणजे किंमत ठरते ती जवळजवळ दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ साली बंद पाकिटातल्या लिलावाबद्दल दाखवून दिलं होतं की जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची रक्कम द्यायची असेल, तर आपल्याला वाटणारी खरी किंमत लिहिण्यातच प्रत्येकाचं हित असतं. ऑनलाइन लिलाव अगदी तसाच चालतो असं नाही, पण नवशिक्यासाठी धडा तोच: खरा आकडा एकदा टाका आणि बाजूला व्हा. दर पाच मिनिटांनी थोडं थोडं चढवत राहणारा माणूस नाण्याचा विचार सोडून समोरच्याला हरवायच्या मागे लागतो, आणि महागात पडतो.

शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकणाऱ्यांवर नवे लोक चिडतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. नियमात बसतं, आणि ज्याने आपली खरी कमाल आधी टाकून ठेवली आहे त्याचं त्यात काही नुकसान नाही. ज्यांना हे नको असतं ते लिलाव चालवणारे शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढवून देतात.

लावलेली बोली म्हणजे पैसे द्यायचं वचन. ५० ऐवजी ५०० टाइप झालं तर ती ताबडतोब मागे घ्या, कारण कळवा आणि बरोबर आकडा पुन्हा टाका. ‘विचार बदलला’, ‘दुसरीकडे स्वस्त मिळालं’, ‘घरच्यांनी नको म्हटलं’ ही बोली मागे घेण्याची कारणं होत नाहीत. एकच नाणं हवं असताना पाच विक्रेत्यांच्या पाच सारख्या नाण्यांवर बोली लावून ठेवू नका; पाचही जिंकलात तर पाचही घ्यावी लागतील. मित्रांनी आपसांत ठरवून एकमेकांविरुद्ध बोली न लावणं आणि भाव पाडणं ही लबाडी आहे, अनेक ठिकाणी गुन्हाही. मित्राच्या नाण्यावर भाव चढवण्यासाठी बोली लावणं हेही त्याच माळेतलं.

जिंकल्यावर

मुदत सात दिवसांची असली तरी पैसे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरा आणि दोन ओळींचा निरोप पाठवा. अडचण असेल तर मुदत संपायच्या आत सांगा. उशीर होणार हे आधी कळलं की बहुतेक विक्रेते थांबतात. सगळ्यांना राग येतो तो गप्प बसणाऱ्यांचा. एकाच विक्रेत्याची दोन-तीन नाणी घेतली असतील आणि एकाच पार्सलात हवी असतील तर पैसे भरण्याआधी सांगा. परदेशातून येणाऱ्या पार्सलवर किंमत कमी दाखवा अशी विनंती करू नका. ती सीमाशुल्काची चोरी आहे, तुम्ही विक्रेत्याला खोटी सही करायला लावता, आणि पार्सल हरवलं तर विमाही त्या कमी रकमेचाच मिळतो.

पार्सल आलं की उघडायची पद्धत ठरवून ठेवा. टेबलावर जाड मऊ कापड अंथरा. पाकिटाचे बाहेरून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, टेप फाटलेली किंवा पुन्हा चिकटवलेली दिसली तर तिचाही. मग मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून, हात फ्रेमच्या बाहेर न जाऊ देता, पाकीट कडेने कापा. मधून चिरू नका, आत नाणं कुठे आहे ते तुम्हाला माहीत नसतं. होल्डरमधलं नाणं आधी आहे तसंच यादीतल्या फोटोशी ताडून बघा. बाहेर काढायचंच असेल तर अंगठा आणि तर्जनीने फक्त कडेला धरा, कापडाच्या वरच धरा. सपाट बाजूवर बोट टेकलं तर त्वचेतलं तेल आणि आम्ल धातूत कायमचा ठसा उमटवू शकतं, आणि तो ठसा पडल्यावर परतीचा विषय संपला.

वजन, व्यास, चुंबक या तपासण्या नाण्याला इजा न करता होतात. चांदी आणि सोनं चुंबकाला चिकटत नाही. पाण्यात बुडवून घनताही काढता येते: शुद्ध चांदीची दर घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम, शुद्ध सोन्याची १९.३. मात्र टंगस्टनची घनता सोन्याच्या अगदी जवळ असल्याने सोन्याच्या बाबतीत एवढ्यावर विसंबता येत नाही. कानस, आम्ल, कसोटीचा दगड यांतलं काहीही परत करायच्या शक्यतेत असलेल्या नाण्याला लावायचं नाही. पुसायचं नाही, धुवायचं नाही, स्लॅब फोडायचा नाही. नाणं जसं आलं तसंच परत जायला हवं.

वर्णनाशी जुळत नसेल तर परत करा, हक्काने करा. वर्णनाशी जुळतं आहे पण तुम्हाला वाटलं तितकं देखणं नाही, तर विक्रेत्याच्या परतीच्या अटी बघा आणि त्या नसतील तर ठेवून घ्या. आणि ‘वाईट शेरा देईन, नाहीतर थोडे पैसे परत करा’ ही भाषा कधीही वापरू नका.

आता विकणाऱ्याची बाजू: फोटो

तुमचं नाणं, तुमचेच फोटो. दोन्ही बाजू, कड, आणि जिथे दोष आहे तिथला जवळचा फोटो. कॅमेरा नाण्याच्या बरोबर वर, स्टँडवर, हलणार नाही असा. प्रकाश दोन बाजूंनी, तिरपा. समोरून फ्लॅश मारला की सपाट जागा पांढरीफेक होते आणि ओरखडे गायब होतात. नाणं होल्डरमध्ये असेल तर प्लॅस्टिकची चकाकी टाळण्यासाठी दिव्याचा कोन बदला. चलनात न फिरलेल्या चांदीच्या नाण्याची लकाकी एका फोटोत पकडता येत नाही, कारण नाणं हलवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. ते दाखवायचं तर दोन वेगळ्या कोनांतून फोटो द्या किंवा छोटं चित्रीकरण जोडा. रंग वाढवू नका. जुन्या चांदीवर चढलेला निळा-जांभळा रंग फोटोत भडक करून विकला, तर घेणाऱ्याच्या टेबलावर करडं नाणं निघतं आणि पार्सल परत येतं.

वर्णन

मोजता येतं ते मोजून लिहा: वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर, व्यास व्हर्नियरने. दोन्ही बाजूंची चित्रं एकमेकांच्या तुलनेत नेहमीपेक्षा वेगळी फिरलेली असतील तर तेही लिहा. काही संग्राहक नेमकं तेच शोधत असतात.

दोष सांगण्यात कंजूषपणा करू नका. घासलेलं, आम्लाच्या द्रावात बुडवून उजळवलेलं, पूर्वी दागिन्यात लावलेलं आणि टाका काढलेलं, भोक बुजवलेलं, कड तासलेली: यांतलं जे माहीत आहे ते पहिल्या दोन ओळींत यायला हवं, तळाशी बारीक अक्षरांत नाही. ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्यांना नेहमीचा अंक न देता ‘डिटेल्स’ असा शेरा देऊन वेगळं काढतात, त्यामुळे लपवलेला दोष पुढे कधीतरी उघडा पडतोच. आणि विकण्याआधी नाणं चमकवायच्या फंदात पडू नका. चांदीची मूळ लकाकी टंकणीच्या वेळी पृष्ठभागावर उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषांतून येते. घासताना त्या रेषा जातात आणि परत आणता येत नाहीत.

खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असं लिहा आणि त्याच्या बदल्यात परत घ्यायची तयारी ठेवा. ‘दुर्मिळ’ हा शब्द फक्त कारण देता येत असेल तरच: अमुक टाकसाळीत त्या वर्षी इतकीच पडली, किंवा सूचीत त्याला वेगळा क्रमांक आहे. नाहीतर तो शब्द गाळा.

सुरुवातीची किंमत अशी ठेवा की एकच बोली आली तरी तुम्ही नाणं आनंदाने द्याल. ते सोसणार नसेल तर राखीव किंमत ठेवा आणि ती आहे हे उघड सांगा. पार्सलचा खर्च खरा लावा. स्वस्त नाणं आणि अवाच्या सवा टपालखर्च ही जोडी लोकांच्या लगेच लक्षात येते.

लिलाव चालू असताना

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना दिसेल असं वर्णनात जोडा, म्हणजे एकालाच जास्त माहिती मिळाली असं होत नाही. बोली लागल्यावर वर्णनात गुपचूप बदल नको; चूक सापडली तर तारीख घालून दुरुस्ती लिहा आणि ती गंभीर असेल तर बोली लावलेल्यांना कळवून लिलाव रद्द करा.

स्वतःच्या नाण्यावर दुसऱ्या खात्यातून किंवा भावाच्या नावाने बोली लावणं ही सरळ फसवणूक आहे. तिच्यासाठी कुठलीही सबब चालत नाही, भाव किती का पडेना. भाव कमी आला म्हणून ‘नाणं हरवलं’ सांगणंही तसंच. लिलाव आपण मांडला, तर त्याचा निकाल आपल्याला मान्य असला पाहिजे.

पॅकिंग

पार्सलात नाणं खडखडता कामा नये. ते पीव्हीसी नसलेल्या फ्लिपमध्ये, म्हणजे नाण्यांच्या छोट्या पारदर्शक पाकिटात, किंवा त्याच्या मापाच्या कॅप्सूलमध्ये घाला. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून काळानुसार हिरवट चिकट थर सुटतो आणि नाणं खातो. फ्लिप दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा आणि चारही बाजूंनी टेप लावा, पण टेप फक्त पुठ्ठ्याला चिकटली पाहिजे, फ्लिपला नाही. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. स्टेपलच्या पिना असलेला होल्डर असेल तर पिना चपट्या करा, नाहीतर त्याच पिना शेजारच्या नाण्यावर रेघा ओढतात. मग बबलरॅप, मग कडक पाकीट किंवा खोका. बाहेरून हलवून बघा. आवाज आला तर उघडून पुन्हा बांधा. पाकिटावर नाणं, सोनं, संग्रह असं काहीही लिहू नका. अनेक देशांच्या टपालनियमांत साध्या पत्रातून नाणी पाठवायला मनाई आहे, तेव्हा नोंदणीकृत किंवा विमा उतरवलेली सेवाच घ्या, आणि ट्रॅकिंग क्रमांक त्याच दिवशी कळवा.

बिनसलं तर

पैसे आले नाहीत तर एक सौम्य आठवण, मग नियमाप्रमाणे तक्रार, शिव्याशाप नकोत. त्यानंतर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला त्याच्याच आकड्यावर नाणं देऊ करता येतं, पण त्याला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. घेणाऱ्यांनो, असा प्रस्ताव लिलाव संपल्याच्या तासाभरात आला तर जिंकणारं खातं कुणाचं होतं याची शंका घ्यायला जागा आहे.

विकलेलं नाणं नकली निघालं तर वाद न घालता पूर्ण पैसे द्या, टपालखर्चासकट, परतीची मुदत संपली असली तरी. व्यापारात याहून मोठी जाहिरात नाही. पार्सल वाटेत हरवलं तर विमा काढण्याची आणि दावा लावण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, आणि घेणाऱ्याने तोवर धीर धरायचा, मात्र तक्रारीची मुदत हातची जाऊ न देता.

शेरा देताना वस्तुस्थिती लिहा: वर्णन जुळलं का, पार्सल किती दिवसांत आलं, अडचण आली तर समोरचा कसा वागला. अडचण सुटेपर्यंत थांबा आणि मगच लिहा. ईबेवर २००८ पासून विक्रेत्याला घेणाऱ्याविरुद्ध नकारात्मक शेरा देता येत नाही, त्यामुळे तिथे घेणाऱ्याच्या हातातली ताकद मोठी आहे, आणि ती जपून वापरायला हवी.

कागद जपा

लिलाव संपला की वर्णनाचं पान, फोटो, तारीख, पावती आणि विक्रेत्याशी झालेली लिखापढी उतरवून घ्या. ही पानं काही महिन्यांनी संकेतस्थळावरून निघून जातात. नाण्याच्या होल्डरवर किंवा वेगळ्या चिठ्ठीवर छोटा क्रमांक घाला आणि तोच क्रमांक या कागदांवर. जुन्या नाण्याच्या बाबतीत ते कुठल्या संग्रहातून कुठे गेलं हे दाखवता आलं तर त्याला भावही बरा येतो आणि ते कायदेशीर मार्गाने आलं आहे याचा पुरावाही राहतो. पुढे तुम्ही ते विकायला काढाल तेव्हा याच फायलीतल्या गोष्टी नव्या वर्णनात घाला, आणि नाण्यासोबत तिची एक प्रत घेणाऱ्याला पाठवा. तुमचं नाव-पत्ता आणि आधीच्या विक्रेत्याचे खासगी तपशील मात्र त्या प्रतीवरून आधी झाकून घ्या.